युनिट ट्रिप झालं की पेनस्टॉक का हादरतो? बोगद्यातला दाब उसळतो तेव्हा काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

युनिट (टर्बाइन आणि जनरेटरचा संच) ट्रिप होतं, म्हणजे अचानक बंद पडतं, आणि स्पायरल केसिंगवरच्या (टर्बाइनभोवतीच्या शंखाकार नळीवरच्या) दाबाच्या गेजचा काटा लाल रेषा ओलांडून परत येतो. शिफ्टच्या वहीत एक ओळ लिहिली जाते, युनिट पुन्हा लावलं जातं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच घडतं. लांब बोगदा, सर्ज वेल (बोगद्याच्या टोकाची, उसळी झेलणारी उभी विहीर) आणि पेनस्टॉक (तिथून टर्बाइनपर्यंत उतरणारी पोलादी नळी) असलेल्या जलविद्युत वीजगृहात ही तक्रार जुनी आहे. तिचं कारण बहुतेक वेळा स्वस्त ठिकाणी सापडतं: तुंबलेली गेजची नळी, अडकलेला एअर व्हॉल्व्ह, दुरुस्तीनंतर दोन-तीन सेकंदांनी घटलेला गाइड व्हेन (टर्बाइनमध्ये जाणारं पाणी कमी-जास्त करणारी पाती) मिटण्याचा वेळ. म्हणून खालचा क्रम मोडू नका. बोगदा रिकामा करणं हा शेवटचा उपाय आहे, आणि त्यात स्वतःचा वेगळा धोका आहे.

हिशेब समजावा म्हणून पुढे सगळीकडे एकच नमुना घेतला आहे: बोगदा २००० मीटर लांब, ४ मीटर व्यासाचा, त्यात पाण्याचा वेग सेकंदाला २.५ मीटर. सर्ज वेलचा व्यास १० मीटर. तिथून खाली ५०० मीटर पेनस्टॉक, त्यात वेग ४ मीटर. हेड (पाणी पडण्याची उंची) २०० मीटर, टर्बाइन फ्रान्सिस. तुमचे आकडे घालून हाच हिशेब कागदावर करून ठेवा, नियंत्रण कक्षात लावून ठेवला तर उत्तमच.

लक्षणं

- लोड अचानक गेल्यावर पेनस्टॉकचा दाब चाचणी अहवालातल्या आकड्यापेक्षा जास्त चढतो.
- ट्रिपनंतर काही मिनिटं सर्ज वेलची पातळी वर-खाली होते आणि नेहमीपेक्षा उशिरा शांत होते.
- एअर व्हेंटमधून पाण्याचा फवारा येतो, किंवा हवा ओढल्याचा मोठा आवाज येतो.
- एक्स्पान्शन जॉइंटच्या (नळीच्या सरकत्या सांध्याच्या) ग्लँडमधून ट्रिपनंतरच पाणी झिरपतं.
- लोड स्थिर ठेवलेला असताना मेगावॉटचा काटा झुलत राहतो.
- युनिट बंद, मुख्य व्हॉल्व्ह बंद, तरी पेनस्टॉक घुमतो.
- एक युनिट ट्रिप झालं तर ठीक, पण एकाच पेनस्टॉकवरची दोन्ही एकदम गेली की दाब मर्यादेबाहेर जातो.

यातलं शेवटून दुसरं लक्षण दिसलं तर बाकीचं बाजूला ठेवा आणि थेट खालच्या भाग ६ कडे जा. ते तासाभरात घातक होऊ शकतं.

आधी झुलण्याचा वेळ मोजा

या कामात सर्वांत जास्त गोंधळ एकाच गोष्टीने होतो. दोन वेगळ्या घटनांना एकच नाव दिलं जातं. पेनस्टॉकमधला जलाघात ही दाबाची लाट आहे. ती पोलादी नळीत सेकंदाला साधारण १००० ते १२०० मीटर वेगाने धावते, सर्ज वेलपर्यंत जाऊन परत येते आणि काही सेकंदांत विरते. आपल्या नमुन्यात जाऊन येण्याचा वेळ १ सेकंद. सर्ज वेलमधलं झुलणं मात्र बोगद्यातलं अख्खं पाणी पुढे-मागे सरकल्याने होतं. त्याचा एक हेलकावा नमुन्यात सुमारे २२४ सेकंदांचा, म्हणजे पावणेचार मिनिटांचा येतो.

हातात घड्याळ घेऊन एवढंच ठरवा: काटा सेकंदांत झुलतो की मिनिटांत? सेकंदांत झुलत असेल तर गाइड व्हेन, व्हॉल्व्ह, एअर व्हॉल्व्ह पाहा. मिनिटांत झुलत असेल तर चालवण्याची पद्धत, इनटेकची (पाणी आत घेण्याच्या तोंडाची) जाळी, गव्हर्नर (गाइड व्हेन हलवून वेग आणि लोड सांभाळणारी यंत्रणा) आणि सर्ज वेल पाहा. हे न ठरवता गव्हर्नरचे स्क्रू फिरवणं म्हणजे चांगली घडी बिघडवणं.

तिसरी शक्यताही आहे, ती बोगद्याची नाहीच. फ्रान्सिस टर्बाइन साधारण ३० ते ६० टक्के लोडवर चालवली की ड्राफ्ट ट्यूबमध्ये (टर्बाइनखालून पाणी बाहेर नेणाऱ्या नळीत) पाण्याचा पिळा फिरतो आणि दाब थरथरतो. या थरथरीची वारंवारता फिरण्याच्या वारंवारतेच्या ०.२ ते ०.४ पट असते. मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या मशिनला हे सेकंदाला एक ते दोन वेळा जाणवतं. तपासणी फुकटची आहे: लोड त्या पट्ट्याच्या वर न्या. थरथर गेली तर बोगद्याला दोष देऊ नका. त्या पट्ट्यात थांबायचं नाही अशी सूचना लावा आणि ड्राफ्ट ट्यूबमध्ये हवा सोडणारा व्हॉल्व्ह उघडतो का ते बघा.

१. गेज खरं सांगतोय का?

स्पायरल केसिंगपासून गेजपर्यंत येणारी बारीक नळी गाळाने तुंबते किंवा तिच्यात हवा अडकते. तुंबली तर शिखर दिसतच नाही. हवा अडकली तर ती स्प्रिंगसारखी वागते आणि काटा नसलेल्या उसळ्या दाखवतो. गेजजवळचा ब्लीड स्क्रू अर्धा फेरा सैल करा. आधी फुस्स करून हवा येईल, मग दुधासारखं पांढरं पाणी, मग स्वच्छ. स्वच्छ धार सलग अर्धा मिनिट वाहू द्या आणि मगच घट्ट करा. धार बारीक असेल किंवा थेंबच पडत असतील तर नळी किंवा स्नबर (गेजला धक्का बसू न देणारा बारीक भोकाचा तुकडा) तुंबलाय, काढून साफ करा.

ट्रान्समीटरचं डॅम्पिंगही (वाचन सपाट करणारा विलंब) बघा. वाचन स्थिर दिसावं म्हणून कुणीतरी ते दोन-चार सेकंदांवर नेऊन ठेवलेलं असतं. एवढ्या डॅम्पिंगमध्ये अर्ध्या सेकंदाचं शिखर विरघळून जातं. स्काडात (संगणकीय देखरेख यंत्रणेत) सेकंदाला एकच नोंद होत असेल तर तिच्यावरूनही शिखर ठरवू नका. लोड रिजेक्शनच्या (लोड अचानक सोडण्याच्या) चाचणीसाठी डॅम्पिंग शून्याजवळ ठेवा आणि सेकंदाला १०० नोंदी घेणारा रेकॉर्डर लावा. दाब, गाइड व्हेनची उघडीक, मशिनचा वेग आणि सर्ज वेलची पातळी या चारही गोष्टी एकाच वेळपट्टीवर हव्यात. त्याशिवाय कोणत्या हालचालीमुळे शिखर आलं हे कळत नाही.

२. कार्यान्वयनाच्या वेळचा अहवाल काढा

२५, ५०, ७५ आणि १०० टक्के लोड सोडून घेतलेल्या चाचण्यांचा अहवाल कपाटात कुठेतरी असतो. त्यातले दाबवाढ, मशिनची वेगवाढ आणि गाइड व्हेन मिटण्याचा वेळ हे तीन आकडे आजच्या नोंदीशेजारी मांडा. दाबवाढ जास्त पण वेगवाढ कमी झाली असेल तर गाइड व्हेन लवकर मिटतायत, हे जवळपास ठरलंच. दोन्ही वाढल्या असतील तर पाणी जास्त वाहतंय का, दाब कमी करणारा व्हॉल्व्ह उघडतोय का, ते पाहा.

अहवाल एकेका युनिटचा आहे की सगळी एकदम सोडल्याचा, हेही वाचा. एका पेनस्टॉकवर दोन युनिटं असतील तर दोन्ही एकदम गेल्यावर पाण्याच्या वेगातला फरक दुप्पट होतो.

३. लोड कधी आणि किती घेतला?

यात पैसा लागत नाही, आणि मिनिटांत झुलणाऱ्या पुष्कळ तक्रारी इथेच संपतात. ट्रिपनंतर सर्ज वेलचं पाणी आधी चढतं, मग उतरतं. उतरत असताना घाईने पूर्ण लोड घेतला तर एका हेलकाव्यावर दुसरा चढतो आणि पातळी आराखड्यात धरलेल्या तळाच्याही खाली जाते. बोगद्याचं तोंड उघडं पडलं की हवा पेनस्टॉकमध्ये शिरते. ही हवा पुढे दाबली जाते आणि उलटी फुटून येते, एअर व्हेंटचा फवारा अनेकदा तिचाच असतो.

नमुन्यात घर्षण सोडून दिलं तर पूर्ण लोड गेल्यावर पातळी सुमारे १४ मीटर चढते. पुन्हा लोड घेण्याआधी निदान तीन हेलकावे, म्हणजे दहा-बारा मिनिटं थांबा, आणि झुलणं चालवण्याच्या पुस्तिकेतल्या मर्यादेत आल्याची खात्री करा. लोडही टप्प्याटप्प्याने घ्या.

सह्याद्रीतल्या धरणांना ऋतूचा भाग आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात जलाशय काठोकाठ असतो, तेव्हा वाईट प्रसंग लोड जाण्याचा: सर्ज वेल वरून वाहू शकते. मे-जूनमध्ये पातळी तळाला असते, तेव्हा वाईट प्रसंग लोड घेण्याचा. एकच नियम बारा महिने लावणारं वीजगृह उन्हाळ्यात हवा ओढतं.

४. जाळी, एअर व्हॉल्व्ह, व्हेंट

इनटेकच्या जाळीच्या दोन्ही बाजूंची पातळी मोजा. पहिल्या पावसात पालापाचोळा, ओंडके, प्लास्टिक येऊन जाळी तुंबते, फरक वाढतो आणि सर्ज वेलची सरासरी पातळीच खाली बसते. मग रोजचा लोड घेतानाही हवा ओढली जाते. जाळी साफ केल्यावर तक्रार गेली तर पुढचं काही उघडू नका.

एअर व्हॉल्व्हपाशी मात्र वेळ घालवा. त्याचं काम भरताना हवा सोडणं एवढंच नाही. पाणी अचानक तुटलं की पोकळी होते, तेव्हा हवा आत घेऊन पोलादी नळी चेपू न देणं हे त्याचं मोठं काम आहे. पेनस्टॉक आतल्या दाबाला मजबूत असतो, बाहेरच्या दाबाला फार कमी. जपानमधल्या ओइगावा वीजगृहात १९५० साली व्हॉल्व्ह फार लवकर बंद झाल्याने पेनस्टॉक फाटला आणि तीन कामगार गेले. त्याच अपघातात वरच्या बाजूची नळी आतल्या निर्वातामुळे चेपली गेली. फाटणं आणि चेपणं एकाच घटनेत झालं.

तपासायचं ते असं: व्हॉल्व्हखालचा आयसोलेटिंग व्हॉल्व्ह उघडा आहे का? रंगकामासाठी किंवा गळतीसाठी बंद करून तो तसाच राहिलेला असतो. पेनस्टॉक रिकामा असताना फ्लोट हाताने वर-खाली करून बघा, अडखळता कामा नये. बैठकीवर गंज, रंगाचे पापुद्रे, गांधीलमाशीचं घर, काहीही सापडतं. गेटमागच्या व्हेंट पाइपचं वरचं तोंड जाळीसकट मोकळं हवं. माणूस किंवा जनावर त्याच्याजवळ उभं राहू नये म्हणून कुंपण हवं. तिथली हवेची ओढ जोरदार असते.

५. गाइड व्हेन किती सेकंदांत मिटतात?

एकच तपासणी नीट करायची असेल तर ही करा. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९८ मध्ये मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवरील प्रयोगांतून दाखवलं की वेग एकदम थांबवला तर दाबवाढ लाटेचा वेग गुणिले पाण्याचा वेग भागिले गुरुत्व इतकी होते. नमुन्यात हा आकडा सुमारे ४०० मीटर पाण्याच्या उंचीइतका, म्हणजे हेडच्या दुप्पट. आपण सावकाश मिटवतो म्हणून नळी वाचते. ढोबळ हिशेबाने ८ सेकंदांत मिटवलं तर दाबवाढ सुमारे ५१ मीटर, हेडच्या चौथाई. ५ सेकंदांत मिटवलं तर ८१ मीटर, हेडच्या चाळीस टक्क्यांच्या वर. तीन सेकंदांचा फरक एवढा भारी पडतो.

वेळ कमी का होतो? सर्व्होमोटरच्या (तेलाच्या दाबाने गाइड व्हेन हलवणाऱ्या सिलिंडरच्या) दुरुस्तीनंतर ऑइल लाइनमधली ऑरिफिस प्लेट (तेलाचा वेग रोखणारी भोकाची चकती) बसवायची राहते किंवा मोठ्या भोकाची बसते. गव्हर्नरच्या मुख्य व्हॉल्व्हच्या स्ट्रोकचे लॉकनट सैल होतात. तेल बदललं जातं आणि नवं तेल पातळ निघतं. दोन वेगांनी मिटणारी यंत्रणा असेल तर तिचा वळणबिंदू सरकतो.

मोजायची रीत: मुख्य व्हॉल्व्ह बंद, स्पायरल केसिंग रिकामं, परवाना आणि कुलपं लावून झालेली, लिंकेजजवळ कुणीही नाही. सर्व्होमोटरच्या दांड्यालगत स्टीलची पट्टी चिकटवा आणि मोबाइलवर सेकंदाला ६० चौकटींचा व्हिडिओ घ्या. मग चौकट-चौकट पुढे सरकवून ७५ टक्क्यांपासून २५ टक्क्यांपर्यंतचा वेळ काढा आणि दुप्पट करा. शेवटच्या टप्प्यात कुशनिंगमुळे वेग मुद्दाम कमी केलेला असतो, म्हणून पूर्ण स्ट्रोकचा वेळ फसवतो. तीन वाचनं थंड तेलावर, तीन गरम तेलावर घ्या. गव्हर्नरच्या नेहमीच्या मार्गाने एकदा आणि इमर्जन्सी सोलेनॉइडच्या मार्गाने एकदा, असं दोन्ही मोजा, कारण बिघाड बहुधा न तपासलेल्या मार्गात असतो. पाण्याविना घेतलेला वेळ पाण्यातल्या वेळेपेक्षा थोडा वेगळा येतो, त्यामुळे तुलना पूर्वीच्या कोरड्या चाचणीशीच करा.

आणि एक कळकळीची विनंती. ट्रिपच्या वेळी मशिनचा वेग फार चढतो म्हणून मिटण्याचा वेळ कमी करू नका. वेग वाचवला तर दाब चढतो, दाब वाचवला तर वेग चढतो. या दोहोंमधली जागा आराखडा करणाऱ्याने हिशेब करून ठरवलेली असते. मूळ आकड्यावर परत आणणं हे देखभालीचं काम आहे, नवा आकडा ठरवणं नाही.

पेल्टन टर्बाइनचं, जसं कोयनेच्या पोफळी वीजगृहात आहे, गणित सोपं असतं. डिफ्लेक्टर एक-दोन सेकंदांत धार बाजूला वळवतो आणि नीडल (धारेच्या तोंडातली सुई) सावकाश मिटते, त्यामुळे वेग आणि दाब यांची ओढाताण नसते. तिथे दाब चढला तर नीडलच्या तेलाची ऑरिफिस पाहा. वेग चढला तर डिफ्लेक्टरची पिन आणि लिंकेज पाहा.

काही फ्रान्सिस युनिटांना स्पायरल केसिंगवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह असतो. गाइड व्हेन झपाट्याने मिटताना तो उघडतो आणि मग सावकाश बंद होतो. त्याच्या डॅशपॉटमधलं (हालचाल संथ करणाऱ्या तेलाच्या भांड्यातलं) तेल कमी झालं तर तो उघडतच नाही. तो उघडला नाही तर गाइड व्हेननी हळू मिटावं असा इंटरलॉक असतो, तोही खरोखर काम करतो का ते कोरड्या चाचणीत पाहा.

६. युनिट बंद असताना पेनस्टॉक घुमतो

मुख्य व्हॉल्व्ह बंद आहे, कुठेच पाणी वाहत नाही, तरी वरच्या बाजूचा गेज संथ, एकसारखा झुलतो आणि प्रत्येक फेरीत थोडा जास्त झुलतो. नमुन्यात फेरी सुमारे २ सेकंदांची. कारण बहुधा गळकं सील. साध्या भोकातून दाब वाढला की गळती वाढते आणि ती झुलणं शमवते. सैल सीलचं उलटं असतं: दाब वाढला की ते बैठकीवर दाबलं जातं आणि गळती कमी होते, दाब उतरला की फट उघडते. म्हणजे प्रत्येक फेरीला नेमक्या क्षणी धक्का मिळतो, जसा झोपाळ्याला मिळतो. कॅनडातल्या बर्सिमिस-२ वीजगृहात सीलच्या अशाच छोट्या गळतीने अख्खी जलवाहिनी झुलायला लागली होती.

उपाय तात्काळ आणि सोपा आहे. युनिटचे ब्रेक लागलेले आहेत आणि आत कुणी नाही याची खात्री करून बायपास व्हॉल्व्ह उघडा. साध्या वाटेने पाणी वाहू लागतं आणि काही फेऱ्यांत झुलणं विरतं. नंतर सीलच्या पाण्याचा दाब, त्याचा फिल्टर आणि पायलट लाइन बघा. दाब कमी पडल्याने सील सैल सुटलेलं असतं. स्पायरल केसिंगमध्ये माणसं असताना हा बायपास उघडायचा नाही. तेव्हा आधी माणसं बाहेर काढा, मग बाकीचं.

७. गव्हर्नर

मेगावॉट मिनिटांच्या लयीत झुलत असेल तर पॉवर मोड (ठरलेला लोड टिकवणारी पद्धत) सोडून ओपनिंग मोडवर या, म्हणजे गाइड व्हेन एका जागी धरा. झुलणं विरत गेलं तर गव्हर्नर त्याला खतपाणी घालत होता. असं का होतं? सर्ज वेलची पातळी उतरली की हेड कमी होतं. लोड टिकवायला गव्हर्नर जास्त पाणी घेतो आणि पातळी आणखी उतरते. जर्मनीतल्या हाइमबाख वीजगृहात हेच झालं, आणि १९१० मध्ये डीटर टोमा यांनी सर्ज वेलचा किमान छेद किती हवा याचा निकष मांडला. वेल या निकषाच्या काठावर असेल तर गव्हर्नर कितीही जुळवला तरी तक्रार पुरती जात नाही.

सेकंदांतलं झुलणं असेल तर पाण्याचा सुरुवातीचा काळ (पेनस्टॉकमधल्या पाण्याला वेग घ्यायला लागणारा वेळ) काढा: लांबी गुणिले वेग, भागिले गुरुत्व गुणिले हेड. नमुन्यात १ सेकंद. गव्हर्नरचा पुनःस्थापन काळ (रीसेट टाइम) याच्या सुमारे चौपट, म्हणजे ४ सेकंदांपासून सुरू करावा. आधीच्या सेटिंगचा फोटो घेऊन ठेवा आणि एका वेळी एकच आकडा बदला.

८. सर्ज वेल आणि बोगदा

इथपर्यंत काही सापडलं नाही तर सर्ज वेलच्या तळाची आकुंचित वाट संशयित ठरते. दगड-गाळाने ती बुजली तर वेल लाटेला मोकळी वाट देत नाही आणि पेनस्टॉकचा दाब वरच्या बोगद्यात शिरतो. झिजून रुंद झाली तर हेलकावे उशिरा शमतात. आधी पातळीमापक तपासा, मगच आत जाण्याचा विचार करा.

बोगदा झटपट रिकामा करू नका. डोंगरातलं पाणी अस्तराच्या मागे दाब धरून असतं. आतला आधार गेला की काँक्रीटचं अस्तर तडकतं, पोलादी अस्तर आत फुगतं. तासाला किती मीटर उतरवायचं हा आकडा प्रकल्पाच्या पुस्तिकेत असतो. तो सापडला नाही तर उपसा सुरूच करू नका.

इथे थांबा, तज्ज्ञाला बोलवा

दाब एकदा जरी आराखड्यातल्या कमाल मर्यादेच्या वर गेला असेल तर युनिट पुन्हा लावू नका. पेनस्टॉकची जाडी आणि वेल्डची तपासणी आधी. वेल्डमधून ओल, अँकर ब्लॉकला ताजी भेग, एक्स्पान्शन जॉइंट सरकल्याची खूण, किंवा पेनस्टॉकच्या मार्गावर डोंगरउतारावर नवा झरा दिसला तर इनटेक गेट बंद करा आणि खालच्या बाजूची माणसं हलवा. कारण शोधणं त्यानंतर.

रनर (टर्बाइनचं फिरणारं चाक) बदलला असेल, क्षमता वाढवली असेल किंवा जुन्या बोगद्यावर नवं युनिट जोडलं असेल तर जुना मिटण्याचा वेळ आपोआप लागू राहत नाही. जलाघाताचा हिशेब संगणकावर नव्याने करून घ्यावा लागतो. सर्व युनिटं एकदम जाण्याचा, आणि ती गेल्यावर लगेच लोड घेण्याचा प्रसंग त्यात धरायला सांगा. त्या हिशेबासाठी तज्ज्ञ सर्वांत आधी मागेल ती भाग १ मधल्या चार गोष्टींची, एकाच वेळपट्टीवरची नोंद.